कुंडीखालचं कार्ड

मार्गशीर्षातलं कार्ड

चि. सौ. शकुन हीस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले. वेलीची पाने गळतात म्हणून लिहिलेस, तरी घाबरू नये. वेलीस सायंकाळी विहिरीचे ताजे पाणी द्यावे. ताजे पाणी ऊन असते. रांजणातले देऊ नये. दिवस मावळता कुंडी घरात घ्यावी व चुलीपासून दोन हात दूर ठेवावी. वरून पोते टाकू नये, भाराने शेंडा मोडतो. कुंडीत चार तुराट्या रोवून त्यांवर जुने लुगडे टाकावे. कापड पानास लागू देऊ नये. सकाळी ऊन अंगणात

इथं कार्डाची जागा संपली.

"उन्ह अंगणात काय, ते राहिलं ना," जानराव म्हणाला.

"जागाच राहिली नाही," केशवराव मास्तर म्हणाले. "तुम्ही सांगता पोथी अन् आणता कार्ड."

"मंग आडवं लिहा ना बाप्पा, काठानं. तेच त खरं सांगाचं आहे. वेल थंडीनं मरत नाई, मास्तर. रातभर गारठलेल्या पानावर सकाळचं उन्ह एकदम पडलं, की मरते. लोक घाई करतात अन् सूर्य निघाला की झाकन काढतात."

मास्तरांनी कार्ड फिरवलं आणि काठावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं: ऊन चांगले वर आल्यावर हळूहळू उघडावे, एकदम नाही.

"तिची आई कशी आहे, ते?"

"लिहा, बरी आहे."

"आता खरंच जागा नाही."

"मंग राहू द्या. माय बरी आहे हे तिले मालूमच आहे."

मळ्याची रीत

तेल्हाऱ्याकडच्या त्या गावात पानवेलीवर जगणाऱ्या बाऱ्यांची सात घरं होती आणि सातांचा मिळून पानमळा एकच. एका कुडाच्या आत सात घरांच्या ओळी. हेट्याच्या आणि पांगाऱ्याच्या झाडांवर वेली चढवलेल्या. भर दुपारीही आत ओली सावली. आंघोळ केल्याशिवाय कोणी आत जात नसे आणि जोडे दाराबाहेर निघत. दारातून शिरल्याबरोबर नागोबाचा दगड होता. त्याच्यापुढं जानरावनं रोज दिवा लावायचा, कारण सातांत वडील तो.

मोट बाहेरच्या माणसानं हाकलेली चाले, पाटाचं पाणीही तो फिरवी. पण वेल बांधणं, उतरवणं, झाकणं हे बाऱ्याच्याच हाताचं. आणि भाऊकीत कोणी गेलं, की सातही घरांना दहा दिवस मळा बंद.

गावात कोणी गेलं तर ते लगेच कळतं. परगावी गेलं तर कार्ड येतं. मरणाच्या कार्डावर वर श्री लिहीत नाहीत आणि त्याचा एक कोपरा फाडून पाठवतात. ते कार्ड घरात न्यायचं नसतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचून घ्यायचं, फाडून टाकायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं. सुतक लागतं ते तिथून. कळल्यापासून.

जानरावला वाचता येत नव्हतं. पण श्री त्याला ओळखू येई. शकुनचं अक्षरही. ती गावच्या शाळेत तीन इयत्ता शिकली होती आणि प्रत्येक अक्षराला डोक्यावर केवढी तरी मोठी रेघ ओढी, जणू त्याच्यावर मांडव घालते आहे. आणि कोपरा? कोपरा कोणालाही वाचता येतो.

दोन कुंड्या

मागच्या वैशाखात शकुनचं लग्न झालं. नवरा उत्तम, अमरावतीला बुधवाऱ्यात पानाची गादी चालवणारा, शहाणा मुलगा. सासरी जाताना तिनं दागिन्याचा हट्ट धरला नाही, वेलीचा धरला.

"गादीवर पानं ढीगभर असतात वं," माणिकबाई म्हणाली. "वेल कायले नेतं?"

"ते पानं तोडलेले असतात, आई."

म्हणून जानरावनं कुंभाराकडून दोन मोठ्या कुंड्या आणल्या, एक फुटलीच तर असावी म्हणून. एक फुटली नाही, तडकली. चांगलीत आपल्या ओळीतल्या वेलीचं दोन पेरांचं कांडं लावून ती शकुनच्या मांडीवर गेली. तडकलेली मळ्याच्या दाराबाहेर, जोडे काढायच्या जागेपाशी, पालथी पडून राहिली.

मंगळवार

पौष उतरला होता. सोमवारी पहाटे बांधावरच्या एरंडाची पानं काळी पडून उकडल्यासारखी लोंबली, आणि सातही घरांना समजलं की यंदाचं हिव निराळं आहे. अकोटाकडचे दोन मळे एका पहाटेत गेल्याची खबर दुपारी आली. इकडं उत्तरेची बाजू तेवढी झाकून झाली होती. पश्चिम उघडी. आणि मध्ये नुकत्याच उतरवलेल्या कोवळ्या वेली, ज्यांच्यावर गवताचं छप्पर घालायचं राहिलं होतं. चार दिवसांचं काम. सातही घरांतले बापे आत, बाया दाराबाहेर ताट्या बांधताहेत.

ताटी म्हणजे तुरीच्या वाळल्या दांड्यांचा पडदा, लव्हाळ्यानं आवळून विणलेला. लव्हाळा भिजवून घ्यावा लागतो. त्या पाण्यात सकाळपासून हात घातलेला जानराव तिसऱ्या प्रहरी दाराशी आला, तेव्हा त्याला आपली बोटं आपली वाटत नव्हती. बाया जेवायला घरी गेल्या होत्या. मळ्याच्या दाराची ताटी दोनच दिवसांपूर्वी नवी, दाट बांधलेली होती आणि तिच्यात कार्ड खोचलेलं होतं.

रऊफ डाकवाला मंगळवारी आणि शुक्रवारी येई. पायात जोडे असल्यामुळे तो आत येत नसे. दोन हाका मारी आणि मोटेच्या करकरीत त्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत, तर कार्ड ताटीत खोचून पुढं जाई. वर्षानुवर्षं हीच तऱ्हा. आज कार्ड पार आत गेलं होतं, चिमूटभर बाहेर. जानरावनं बधिर बोटांनी ते धरलं आणि ओढलं.

कोपरा नव्हता.

त्यानं हात खाली केला. नजर तर त्याच्याही आधी वळवली होती, समोरच्या एरंडाकडं.

महादेवकाका, त्याच्या मनात आलं. दुसरं कोण असणार. अंजनगावचे त्याचे चुलते दिवाळीपासून अंथरुणाला खिळले होते. एकदा तर त्यांना खाली जमिनीवर घेतलं होतं, तोंडात पाणी घातलं होतं; तेवढ्यात म्हातारा उठून बसला आणि चहा मागितला. आता नसेल मागितला.

दहा दिवस.

त्यानं मळ्याकडं पाहिलं. आत कोणीतरी हसत होतं. थंडीत काम करताना माणसं उगाच हसतात, तसं. हे कार्ड आत्ता मास्तरांकडं नेलं की ते हसणं थांबणार, बारा-चौदा माणसं आंघोळी करून घरात बसणार, आणि पहाटे चारच्या सुमाराला उघड्या पश्चिमेकडून जे यायचं ते आत येणार.

कळल्यापासून. कळलं कुठं आहे अजून?

त्यानं तडकलेली कुंडी एका बाजूनं उचलली, कार्ड पालथं सरकवलं, कुंडी ठेवली. पाप लागायचंच असेल तर एकाच डोक्याला लागू दे, असं त्यानं ठरवलं, आणि एवढं ठरल्यावर त्याला थोडं बरंही वाटलं. मग तो विहिरीवर गेला आणि त्या थंडीत दोन बादल्या अंगावर घेऊन परत कामाला लागला.

बुधवार

"काहो, दिवा काऊन नाई लावला आज?" माणिकबाईनं दारातून विचारलं.

"खुशालरावले लावायले सांगतला."

"तुमच्या हाताले काय झालं?"

"भेगा पडल्या."

"भेगायनं काडी वढता येत नाई अन् ताटी वढता येते!"

तो आत वळला. वेलीला हात लावत होता, पण दिव्याला नाही. देवाशी तेवढा तरी हिशेब सरळ ठेवावा म्हणून.

माणिकबाई परत ताटी बांधायला बसली. हाताशी असावा म्हणून भिजलेला लव्हाळा तिनं पालथ्या कुंडीवर ठेवला होता. शुक्रवारपर्यंत ती तिथंच बसली, त्याच कुंडीशी.

न लिहिलेलं कार्ड, गुरुवार

(हे जानरावनं काम करता करता मनात सांगितलं. मास्तर नव्हते, त्यामुळे जागेची अडचण नव्हती.)

शकुन, यंदा मोठं हिव आलं पाय. खालच्या अंगाले एरंड जळला, पपई गेली, मास्तरच्या अंगनातली मोगरी गेली. आपल्या मळ्याले अजून धक्का नाई. पश्चिमेची बाजू काल झाकली, आज छप्पर. ताटी कशी बांधाची ते तुले सांगतो, तुले कामी पडन. बोट जाईन एवढी फट ठेवाची. गच्च बांधली त वारा तिले ढकलून पाडते. पातळ बांधली त झाकून फायदा काय. दाराची ताटी मातर आमी गच्च बांधली, नवीन पोट्टे होते, आयकत नाईत. तुया कुंडीले फुटवा आला असन. पयला फुटवा खुडू नको. उत्तमरावले म्हनजो, गादीवरून घरी येताना कान बांधून येत जा. तू बी बांधत जाय. माय तुयी बरी

"कोनाशी बोलून राहिले?" बाजूच्या ओळीतून खुशालराव म्हणाला.

"वेलीशी."

"मले वाटलं माह्याशी. शिव्या नाई आल्या म्हून इचारलं."

शुक्रवार

सायकलची घंटी वाजली तेव्हा छपराचं शेवटचं गवत बांधून होत होतं.

"जानरावदादा," रऊफ कुडापलीकडून ओरडला, "मंगळवारचं कार्ड भेटलं ना? आवाज दिला होता मी, कोई सुनताच नाही तुमच्यात."

"भेटलं, भेटलं."

"चला मग. थंडी तर या साली मारून टाकते बाप्पा!" आणि तो हसत निघून गेला.

"कोनतं कार्ड?" माणिकबाईनं विचारलं.

"सोसायटीचं."

"मले वाटलं शकुनचं. महिना झाला वो तिचं कार्ड नाई."

"येईन."

माणिकबाईनं कुंडीवरचा उरलेला लव्हाळा उचलला, झटकला, बाजूला टाकला. कुंडीवर ओल्याची खूण राहिली.

शनिवार

वारा फिरला. आभाळ भरून आलं आणि गोठ्यातली ढोरं कितीतरी दिवसांनी अंग सैल सोडून बसली. मळा वाचला होता. काठच्या दोन ओळींत पानांच्या कडा तेवढ्या लाल झालेल्या; बाकी हिरवंगार, ओलं, जसंच्या तसं. मोटेवर सातही घरांनी गुळाचा खडा वाटून खाल्ला. जानरावनं आपला खडा खिशात ठेवला.

कुंडीखालचं कार्ड न बघता काढून तो घरी आला आणि उंबऱ्याबाहेरूनच त्यानं माणिकबाईला सांगितलं, "कार्ड आलं होतं. महादेवकाका गेले असतीन. चाल, मास्तरकडून वाचून घेऊ, मंग पानी घेऊ अंगावर."

"कवा आलं?"

"चाल आधी."

केशवराव मास्तर ओट्यावर आले. जानराव आणि माणिकबाई अंगणातच उभे राहिले, रीतीप्रमाणं. मास्तरांनी कार्ड हातात घेतलं, कोपरा पाहिला, जरा गंभीर झाले. मग उलटवलं. मग परत उलटवलं.

"जानराव, हे मरणाचं कार्ड नाही."

"कोपरा नाई ना पन."

"वर श्री आहे."

आणि त्यांनी वाचलं.

कार्डावर काय होतं

श्री. ती. मामंजींस उत्तमचा शिरसाष्टांग नमस्कार. सौ. शकुनचा ताप छातीत उतरला आहे. डॉक्टर रोज येतात. ती शुद्धीवर आहे व तुमची दोघांची सारखी आठवण काढते. कार्ड पोचताच निघावे. तार करणार होतो, पण ती म्हणते तार पाहून आई भिईल. पत्ता तिनेच लिहिला आहे, म्हणते बाबा माझे अक्षर पाहून लगेच वाचून घेतील.

गाडीत

तेल्हाऱ्यापर्यंत बैलांचं खासर. तिथून अकोल्याची मोटार. अकोल्याला गाडीची वाट पाहत फलाटावर बसले, तेव्हा माणिकबाई पहिल्यांदा बोलली.

"मंगळवारपासून कुठी होतं?"

"कुंडीखाली."

तिनं मांडीवरचं गाठोडं खाली ठेवलं.

"मी जिच्यावर लव्हाळा ठेवत होती, तिच्या?"

"हो."

गाडी आली. दोघं चढली. मूर्तिजापूर गेल्यावर जानरावला एकदम आठवलं: रऊफ हसत होता. शुक्रवारी कुडापलीकडून तो हसत होता. कोपरा फाडलेलं कार्ड ज्यानं दिलं आहे, तो असा हसत नाही. एवढंसं ध्यानात यायला मूर्तिजापूर यावं लागलं.

बडनेऱ्याला गाडी बदलली.

बुधवारा

गल्लीच्या तोंडाशीच उत्तम दिसला. अनवाणी होता, आणि डोकं नुकतंच भादरलेलं.

जानराव जिथं होता तिथंच थांबला. माणिकबाई थांबली नाही. ती तशीच चालत गेली, उत्तमच्या बाजूनं, उघड्या दारातून आत; मग आतून आवाज आला.

शुक्रवारी दिवेलागणीला गेली. रविवारी कार्ड टाकलं, सोमवारपासून दारातल्या प्रत्येक पावलाला विचारत होती, बाबा आले का. मंगळवारी विचारलं. बुधवारी विचारलं. गुरुवारी म्हणाली, मळा झाकून राहिले असतीन, झाकून झाला की येतीन. शुक्रवारी काही विचारलं नाही.

"गुरुवारी असं म्हने?" जानरावनं विचारलं.

"हो. म्हने, बाबा वेल उघडी टाकून येनार नाईत."

"तू कोपरा काऊन फाडला होता?"

"कोनता कोपरा?" उत्तम म्हणाला. "मामंजी, ती माह्यासमोर उशीले टेकून बसून पत्ता लिहून राहिली होती. मी कोपरा फाडीन?"

सैपाकघरात, चुलीपासून दोन हात दूर, कुंडी होती. कुंडीत चार तुराट्या रोवलेल्या, वर शकुनचं जुनं हिरवं लुगडं, पानाला कुठंही न लागणारं. लुगड्याखाली वेल हातभर वाढली होती. पहिला फुटवा खुडलेला नव्हता. भिंतीतल्या खुंटीला मार्गशीर्षातलं कार्ड टोचून ठेवलं होतं, काठावरची आडवी ओळ वर करून.

"शुक्रवारी सकाळी मी लुगडं काढायले गेलो," उत्तम म्हणाला, "त म्हने, थांबा. उन्ह वर येऊ द्या."

दुसरं कार्ड

लग्न झालेल्या लेकीचं सुतक आईबापाला तीन दिवसांचं. ते अमरावतीलाच झालं. कुंडी आणि तिच्यावरचं हिरवं लुगडं घेऊन दोघं परत आली.

भाऊकीतले सगळे येऊन बसून गेले. सगळ्यांनी एकच सांगितलं: जानराव, तुयी लेक गेली, पन तुया हातानं सात घरांचा मळा वाचला. कार्डाचं त्यांना माहीत नव्हतं. मास्तर कोणाला बोलले नव्हते.

कुंडीतली वेल मळ्यात लावायला मात्र कोणी तयार होईना. खुशालराव खाली बघत म्हणाला, "मरनाच्या घरातली आहे, दादा. मले काई नाई, पन बाकीचे..." म्हणून ती दाराबाहेर राहिली, तडकलेल्या कुंडीच्या शेजारी, दाराच्या ताटीच्या आडोशाला.

रऊफ आला. उत्तमनं शनिवारी टाकलेलं दुसरं कार्ड त्यानं जपून ठेवलं होतं. घर बंद पाहून परत नेलं होतं. यावेळी त्यानं ते खोचलं नाही. घराच्या ओट्यापाशी येऊन दोन्ही हातांनी पुढं धरलं. याला कोपरा नव्हता, आणि वर श्रीही नव्हतं.

"आमाले मालूम आहे," जानराव म्हणाला. "हे कशाले आनलं? पयल्याचा कोपरा कुठी टाकला ते सांग."

"पहिल्याचा?"

"माह्या लेकीच्या कार्डाचा कोपरा तुया थैलीत फाटला, रऊफ. तू दोरीनं बांधतं ते कार्ड. मले मरनाचं वाटलं. मी चार दिवस ठेवून देल्लं."

रऊफचं तोंड उघडं राहिलं. "खुदाची कसम, दादा. पूरा होता कार्ड. मी ताटीत घातला तेव्हा पूरा होता."

"मंग कोनं फाडला? वाऱ्यानं?"

"हा पाहा," रऊफनं हातातलं कार्ड पुढं केलं, "हाथानं फाडलेला कोपरा असा असतो. सरळ. तुमचा कसा होता?"

जानरावच्या डोळ्यासमोर तो आला. ओरबाडल्यासारखा, कागदाचे तंतू निघालेला. पण त्यानं सांगितलं नाही.

"जाय तू," माणिकबाई आतून म्हणाली. "तोंड नको दाखवू."

रऊफ गेला. त्यानंतर गावाची डाक तो मास्तरांच्या शाळेत ठेवू लागला. मळ्याच्या वाटेनं येईना.

आणि त्या दिवसापासून नवराबायकोचं थोडं थोडं बोलणं सुरू झालं. जेवायचं, ढोरांचं, पाण्याचं. दोघांच्या मध्ये जे पडलं होतं ते रऊफच्या अंगणात टाकून झालं होतं, आणि मग घर जरा वावरण्यासारखं झालं.

महादेवकाका

माघात अंजनगावहून महादेवकाका आले. दोन माणसांच्या खांद्यावर हात ठेवून, पण आले. ओट्यावर बसल्यावर त्यांना धाप लागली. जानरावनं त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कोणाला तरी आपण होऊन.

म्हातारा ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे चार दिवस तू मले मारून बसला होता व्हय रे?"

"हो काका."

"दोन दोन बादल्या घेतल्या माह्या नावानं?"

"रोज."

"इतकं कोनी केलं नाई माह्यासाठी." तो हसायला गेला आणि मध्येच त्याचा चेहरा मोडला. "अरे, मी तयार बसलो होतो ना जानराव. खालीबी उतरवलं होतं मले. यमालेबी कार्ड वाचता येत नाई काय रे."

त्यानं चहा मागितला. चहा आल्यावर प्याला नाही.

फाल्गुन

होळीनंतर ताट्या काढतात. जी शेवटी बांधली ती आधी सोडतात. आधी छप्पर, मग पश्चिम, मग उत्तर. दाराची ताटी जुनी झाली की तीही बदलतात. यंदाची गच्च बांधलेली होती. लव्हाळा वाळून लोखंडासारखा झालेला. जानराव एका टोकाला विळ्यानं बंध कापत होता. दुसरं टोक माणिकबाईनं धरलं होतं.

छातीएवढ्या उंचीवर, दोन तुराट्यांच्या बेचक्यात, काहीतरी होतं.

वाळकं पान असेल, त्याला वाटलं. पण वाळलेलं पान असं तीन टोकांचं नसतं. एका तुराटीला कापलेल्या गाठीचा खुंट होता, काट्यासारखा, आणि ते त्याच्यात रुतलेलं होतं. त्यानं बोटानं ते सोडवलं. बोटं आता गरम होती. सगळं नीट कळत होतं त्यांना: कागदाची जाडी, एक बाजू सरळ, दुसरी सरळ, तिसरी ओरबाडलेली.

त्यावर एकच अक्षर होतं. डोक्यावर केवढी तरी मोठी रेघ.

विळा खाली पडला.

"काय आहे?" माणिकबाईनं ताटीपलीकडून विचारलं.

आत्ता मूठ मिटता आली असती. पाचोळ्यात टाकून देता आलं असतं. होळीच्या राखेत अजून धग होती. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, जसं मंगळवारी आलं होतं तसंच, तेवढ्याच शहाणपणानं.

त्यानं ताटीला वळसा घातला आणि तिच्यापुढं तळहात उघडला.

तिनं टोक सोडलं नाही. एका हातानं ताटी धरून ती वाकली. तिला तर श्रीही ओळखू येत नसे. पण ती बराच वेळ पाहत राहिली.

"तिचंच आहे," ती म्हणाली.

"हो."

"इथं होतं."

"हो. मीच वढलं."

कुडाच्या आत खुशालराव कोणाला तरी ओरडत होता. मोट करकरत वर आली, पाणी पडलं, परत खाली गेली. माणिकबाईनं ताटी हळूच जमिनीवर टेकवली.

"मी त्याले तोंड नको दाखवू म्हटलं होतं," ती म्हणाली. "रऊफले."

"मी जातो त्याच्याकडं."

"जाता कायले. मंगळवारी शाळेत येते तो. मास्तरले सांगा, इकडं पाठवा म्हना." मग थोड्या वेळानं: "मी बी राहीन इथी."

ताटी निघाली तसं दार उघडं पडलं होतं आणि फाल्गुनातलं ऊन थेट कुंडीवर आलं होतं. वेल चार महिन्यांत एवढं ऊन पहिल्यांदा पाहत होती. माणिकबाई कुंडीपाशी गेली. डोक्यावरचा पदर काढून तिनं तो हातांनी वर धरला, पानाला न लागेल असा, आणि जानराव घरून हिरवं लुगडं घेऊन येईपर्यंत तशीच उभी राहिली.

मंगळवारी दुपारी रऊफ आला. सायकल लांबच ठेवून चालत. दाराशी दोघं बसलेली पाहून घुटमळला.

"बोलावलं होतं म्हणे, दादा."

जानरावनं मूठ उघडली. तळहात पुढं केला. रऊफ वाकला. त्यानं तो कागद उचलला नाही, नुसता पाहिला, मग नव्या दाराकडं पाहिलं, मग बाजूला पडलेल्या जुन्या ताटीकडं.

"पत्त्यातल्या अकोल्याचा 'ला' आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "शेवटचा."

मग तो मळ्याच्या दाराबाहेर, आत जायचं नसेल तर जिथं जोडे काढायची गरज नसते तिथं, त्या अक्षरापुढं खाली बसला. आणि एक एक करून त्यानं पायांतले जोडे काढले.